सोर्सवरून (मूळ कोड स्वतः कंपाईल करून) बांधलेला एक्सएफसीई डेस्कटॉप सुरूच होत नाहीये? बघायला कुठून सुरुवात करायची

आमच्या सांगलीत इंजिनिअरिंगला असलेली ओळखीतली काही पोरं सध्या लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करतायत. म्हणजे जेरार्ड बीकमन्सनं १९९९ मध्ये सुरू केलेलं ते पुस्तक घ्यायचं, जीसीसी कंपायलरपासून कर्नलपर्यंत सगळं स्वतः कंपाईल करायचं आणि मग त्याच्या पुढचं बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच उघडून वर एक्सॉर्ग (स्क्रीन, कीबोर्ड, माऊस सांभाळणारा एक्स सर्व्हर) आणि एक्सएफसीई चढवायचं. बेस सिस्टीम बूट होईपर्यंत सगळ्यांचं बरं चालतं कारण पुस्तकात ओळ अन् ओळ दिलेली असते. घोडं अडतं ते डेस्कटॉपपाशी. डेस्कटॉप सुरू करायची स्टार्टएक्स ही कमांड मारली की काळी स्क्रीन, नाहीतर माऊसचा बाण तेवढा फिरतोय आणि बाकी काहीच नाही, नाहीतर पॅनेल आलं पण सगळे आयकॉन गायब, आणि मग डोक्यात पहिला विचार येतो की जाऊदे, सगळं उडवू आणि पहिल्यापासून कंपाईल करू.

तेवढं करू नका. बिघडलेली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते, एखादी फाईल चुकीच्या जागी, एखादा डेमन (मागं चालत राहणारा प्रोग्रॅम) सुरूच नाही, कर्नलमध्ये एखादा ऑप्शन राहिलाय. परत कंपाईल केलं तरी ती तशीच राहणार, रात्र वाया जाणार आणि शिकायला काही मिळणार नाही ते वेगळंच. डेस्कटॉप हा एक प्रोग्रॅम नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा. सगळ्यात खाली कर्नल आणि त्याचा ग्राफिक ड्रायव्हर, त्यावर एक्स सर्व्हर, मग डी-बस (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती सोय), मग सेशन मॅनेजर आणि तो पुढं विंडो मॅनेजर, सेटिंग डेमन, पॅनेल, डेस्कटॉप असे वेगवेगळे प्रोसेस सुरू करतो. तपासायचं ते खालून वर, आणि लॉगमध्ये शोधायची ती पहिली एरर, शेवटची नाही.

सुरुवात अशी करा. होम फोल्डरमधली एक्सइनिटआरसी फाईल (काय सुरू करायचं ते स्टार्टएक्स हिच्यात वाचतं) बाजूला ठेवा आणि नवी करून त्यात फक्त एक ओळ लिहा, एक्सेक एक्सटर्म. एक्सटर्म म्हणजे साधं टर्मिनल. आता स्टार्टएक्स. पांढऱ्या चौकटीत प्रॉम्प्ट आला, कीबोर्ड चालला, माऊस हलला, तर कर्नल आणि एक्सॉर्ग दोन्ही ठीक आहेत, भानगड वरच्या थरात आहे. एक्सटर्मच आला नाही तर एक्सएफसीईला हात लावायची गरजच नाही, आधी खालचं बघा.

एक्सॉर्गचा लॉग साध्या युजरनं स्टार्टएक्स मारलं असेल तर बऱ्याचदा होममधल्या डॉट लोकल, शेअर, एक्सॉर्ग या फोल्डरमध्ये सापडतो, रूटनं मारलं असेल तर /व्हार/लॉग मध्ये. अर्धी पोरं चुकीच्या जागचा जुना लॉग वाचत बसतात म्हणून आधी फाईलची तारीख बघा. त्यात ज्या ओळीवर कंसात दोन ई आहेत त्या एरर. शेवटी "नो स्क्रीन्स फाउंड" दिसेल, पण ते कारण नव्हे, तो परिणाम. वर सरकत जा, जिथं पहिल्यांदा दोन ई दिसतात तिथं थांबा, खरी गोष्ट तिथं लिहिलेली असते.

एएमडीचं कार्ड असेल तर सोबत डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) सुद्धा बघा. तिथं फर्मवेअर लोड फेल, एरर मायनस टू असं दिसलं तर मायनस टू म्हणजे फाईल मिळाली नाही. लिनक्स-फर्मवेअर टाकलंय तरी असं येतं, कारण एएमडीजीपीयू ड्रायव्हर मॉड्यूल न करता कर्नलमध्येच बिल्ट-इन ठेवलेला असतो, तो रूट पार्टिशन माउंट व्हायच्या आधीच जागा होतो आणि तेव्हा /लिब/फर्मवेअर तिथं नसतंच. उपाय सोपा आहे, ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधा, नाहीतर फर्मवेअर कर्नलमध्येच भरा, नाहीतर इनिटरॅमएफएस (रूट माउंट व्हायच्या आधी मेमरीत येणारी छोटी फाईल सिस्टीम) मध्ये घाला.

कीबोर्ड-माऊस दोन्ही मेले असतील तर दोन जागा. कर्नलमध्ये इव्हडेव्ह हा इनपुटचा ऑप्शन ऑन आहे का आणि एक्सॉर्गचा लिबइनपुट ड्रायव्हर बसलाय का. पण यात एक अडचण अशी की एक्स सुरू झाला आणि इनपुट मेलं की कंट्रोल-ऑल्ट-एफ टू (दुसऱ्या टेक्स्ट स्क्रीनवर जायची बटणं) सुद्धा चालत नाही, म्हणजे मशीन चालू असून बाहेर पडता येत नाही, आणि मग लोक पॉवर बटण दाबून धरतात. म्हणून डेस्कटॉपच्या नादाला लागायच्या आधी ओपनएसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) टाकून ठेवा आणि मोबाईलवरच्या टर्मक्स या टर्मिनल अॅपमधून एकदा लॉगिन करून बघा. हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो.

लॉगमध्ये टीटीवाय झिरो उघडता येत नाही, परमिशन डिनाईड असं आलं तर लगेच एक्सॉर्गला सेटयूआयडी (कुणीही चालवला तरी रूटच्या हक्कानं चालणारा) करायला जाऊ नका. लॉगिनसीटीएल ही कमांड मारा आणि तुमचं सेशन दिसतंय का बघा. सिस्टीमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) नसलेल्या सिस्टीमवर हे सेशन नोंदायचं काम ईलॉगइन्डी करतो आणि त्याला पॅमच्या (लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या) सेशन फाईलमध्ये स्वतःची ओळ लागते. ती ओळ नसली की सेशन नोंदलं जात नाही, एक्सडीजी-रनटाइम-डिर हा व्हेरिएबल रिकामा राहतो आणि इथून पुढं दहा ठिकाणी दहा वेगळ्या एरर दिसतात ज्यांचं मूळ एकच असतं. तो व्हेरिएबल एको करून बघायला दोन सेकंद लागतात, त्यात /रन/युजर आणि तुमचा युजर नंबर आला पाहिजे.

आता वरचा थर. एक्सटर्म चालतो पण एक्सएफसीई नाही, आणि एक छोटी खिडकी येते की फेलसेफ सेशन लोड करता येत नाही. ही एरर बघून घाबरू नका, उलट खूष व्हा, कारण ती स्वतःच कारणं सांगते: एक्सएफकॉन्फडी (सेटिंग सांभाळणारा डेमन) चालू नसेल म्हणजे डी-बसचा घोळ, किंवा एक्सडीजी-कॉन्फिग-डिर्स हा व्हेरिएबल चुकलाय, किंवा एक्सएफसीई४-सेशन नीट इन्स्टॉल झालेलं नाही. पोरं ओके दाबून खिडकी बंद करतात, मजकूर वाचतच नाहीत. माझ्या बघण्यात यातलं सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण म्हणजे कॉन्फिगर करताना प्रिफिक्स (पॅकेज कुठं बसणार) /यूएसआर दिला पण सिसकॉन्फडिर (सेटिंगच्या फाईली कुठं जाणार) /ईटीसी द्यायचं राहिलं. मग डीफॉल्ट सेशनची एक्सएमएल फाईल /यूएसआर/ईटीसी मध्ये जाऊन बसते आणि सेशन मॅनेजर तिला /ईटीसी/एक्सडीजी मध्ये शोधत राहतो. एलएस मारून /यूएसआर/ईटीसी नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल तर त्यात कोणकोणत्या पॅकेजच्या फाईली आहेत ते वाचा, तेवढीच पॅकेजेस बरोबर सिसकॉन्फडिर देऊन परत बांधा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

डी-बसचं असेल तर एक्सइनिटआरसीची शेवटची ओळ बघा. सिस्टीमडीची युजर सेशन असेल तर बस आधीच तयार असते, तिथं नुसतं एक्सेक स्टार्टएक्सएफसीई४ पुरतं. नसेल तर डीबस-रन-सेशन किंवा डीबस-लाँचमधून सुरू करा. बस असताना परत दुसरी काढली तर आणखी वेगळाच त्रास होतो, डेस्कटॉप दिसतो सगळा पण थीम बदलली तर लागत नाही, कारण सेटिंगची खिडकी एका बसवर बोलतेय आणि डेमन दुसऱ्या बसवर ऐकतोय.

आणि आता लाईटचा विषय, कारण आपल्याकडं वळवाचा पाऊस सुरू झाला की संध्याकाळी लाईट जाणार हे धरूनच चालायचं. विश्रामबागेतल्या एका मित्राकडं इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबला आहे, पीसीला नाही. त्याची लाईट गेली ती नेमकी मेक-इन्स्टॉल चालू असताना. लाईट आल्यावर त्यानं पुढची पॅकेजेस बांधली, सगळी बांधलीसुद्धा गेली, पण पॅनेल काही येईना. आम्ही एक्सटर्ममधून पॅनेल हातानं सुरू केलं तर एकच ओळ आली: एका शेअर्ड लायब्ररीचं नाव आणि पुढं "फाईल टू शॉर्ट". एलएस-एल मारलं तर ती लायब्ररी शून्य बाईटची. नाव आहे, परमिशन आहे, तारीख आहे, आत काही नाही. फाईलची नोंद डिस्कवर गेली होती पण डेटा अजून मेमरीतच होता तेवढ्यात लाईट गेली. ते एक पॅकेज परत बांधून इन्स्टॉल केलं आणि पॅनेल उघडलं.

म्हणून कंपाईल चालू असताना लाईट गेली असेल तर एवढं करा. फाइंड कमांडला साइज झिरो सांगून /यूएसआर/लिब आणि /यूएसआर/बिन मधल्या शून्य बाईटच्या फाईली काढा. काही फाईली मुळातच रिकाम्या असतात पण डॉट एसओ असलेली रिकामी दिसली की ती मेलेली समजा. आणि बिल्ड फोल्डरमध्ये नुसतं परत मेक मारू नका, कारण मेक फक्त तारीख बघतो, अर्धवट ऑब्जेक्ट फाईलची तारीख नवी असते म्हणून ती झालेली आहे असं समजून तो पुढं जातो. फोल्डर उडवा, टारबॉल परत सोडा. प्रत्येक इन्स्टॉल झाल्यावर सिंक (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड) मारायची सवय लावून घ्या आणि मेकचं आऊटपुट टी कमांडनं फाईलमध्ये साठवत जा, पॅकेजच्या नावानं एक एक लॉग, म्हणजे कुठपर्यंत आलो होतो हे लाईट आल्यावर कळतं.

लायब्ररीचं दुसरं कारण म्हणजे ती प्रोग्रॅमला सापडतच नाही, आणि ते कळतं एलडीडीनं, प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात ते ही कमांड सांगते. पॅनेलच्या बायनरीवर एलडीडी मारा आणि "नॉट फाउंड" ग्रेप करा. काही निघालं तर ती लायब्ररी बहुतेक /यूएसआर/लोकल/लिब किंवा /ऑप्ट मध्ये आहे आणि एलडी-एसओ-कॉन्फमध्ये तो रस्ता नाही, तो घाला आणि एलडीकॉन्फिग चालवा. एक्सएफसीई ४.२० डिसेंबर २०२४ ला आलं, त्यात लिबएक्सएफसीई४विंडोइंग ही नवी लायब्ररी आहे आणि पॅनेल, डेस्कटॉप दोन्ही तिच्यावर उभे आहेत. ४.१८ च्या जुन्या नोट्स समोर ठेवून ४.२० बांधणारे नेमकी हीच विसरतात. ती पॅनेलच्या आधी बांधायची.

आयकॉनच्या जागी कोऱ्या चौकटी येत असतील तर दहातल्या नऊ वेळा लिबआरएसव्हीजी (एसव्हीजी चित्रं दाखवणारी लायब्ररी) राहिलेलं असतं. त्याला रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा लागते आणि रस्ट बांधायला वेळ जातो म्हणून लोक ते टाळतात, पण आजच्या थीममधले आयकॉन बहुतेक एसव्हीजी असतात, त्याशिवाय दिसणार नाहीत. लिबआरएसव्हीजी असूनही दिसत नसतील तर जीडीके-पिक्सबफ-क्वेरी-लोडर्स अपडेट-कॅश देऊन चालवा आणि जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश पण. डेस्टडिर वापरून आधी वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून मग कॉपी करणाऱ्यांना हे हातानंच करावं लागतं. तसंच एखादा प्रोग्रॅम "सेटिंग्ज स्कीमा इज नॉट इन्स्टॉल्ड" म्हणून पडला तर ग्लिब-कंपाईल-स्कीमाज चालवा.

खिडक्यांना वरची पट्टी नाही, हलवता येत नाहीत? एक्सएफडब्ल्यूएम४ (एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर) सुरू नाही. रिप्लेस ऑप्शन देऊन टर्मिनलमधून सुरू करा, का पडतोय ते तिथंच छापून येईल. प्रत्येक लॉगिनला परत तेच होत असेल तर डॉट कॅशमधलं सेशन्स फोल्डर रिकामं करा.

काहीच समजेना झालं तर नवीन युजर बनवून त्यातून लॉगिन करा. तिथं चाललं तर सिस्टीम ठीक आहे, तुमच्या होममधल्या फाईलींचा घोळ आहे. यात एक हमखास प्रकार म्हणजे कधीतरी रूट होऊन स्टार्टएक्स मारलेलं असतं आणि एक्सऑथॉरिटी किंवा आयसीईऑथॉरिटी फाईल रूटच्या मालकीची होऊन बसते. चोन कमांड मारून मालकी परत घ्या.

डेस्कटॉप आला पण रडत चालतोय, खिडकी ओढली की मागं राहते, असं असेल तर जीएलएक्सइन्फोमध्ये रेंडररचं नाव बघा. एलएलव्हीएमपाइप दिसलं म्हणजे ग्राफिकचं सगळं काम सीपीयू करतोय. मेसा (ग्राफिक ड्रायव्हरचा संच) २२ पासून इंटेलचा जुना आय९६५ ड्रायव्हर काढून टाकलाय, त्यामुळं इंटेलच्या हॅसवेल पिढीपर्यंतच्या जुन्या लॅपटॉपला क्रोकस ड्रायव्हर लागतो आणि ब्रॉडवेलपासून पुढं आयरिस. मेसा कॉन्फिगर करताना दोन्ही नावं द्या, जास्त काही वेळ जात नाही.

मराठीचं मुद्दाम लिहितो कारण पुस्तकात हे फारसं नाही आणि आपल्याला तर ते लागणारच. मराठीच्या जागी चौकटी दिसल्या तर फॉन्टच नाही, एफसी-लिस्टला लँग एमआर विचारा, यादी रिकामी आली तर लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी टाकून एफसी-कॅश चालवा. जोडाक्षरं तुटतायत का हे टर्मिनलमध्ये बघून ठरवू नका, टर्मिनल एक एक अक्षर ठरलेल्या खणात बसवतो म्हणून तिथं मराठी बहुतेक वेळा धड दिसत नाही. माऊसपॅड या एडिटरमध्ये "कृष्णा", "क्षेत्र", "वाऱ्यावर" एवढं टाईप करून बघा. फ्रीटाईप (फॉन्ट काढणारी लायब्ररी) आणि हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून आधी फ्रीटाईप, मग हार्फबझ, मग परत फ्रीटाईप असा क्रम असतो, तो पाळा. एमआर-आयएन लोकेल (मराठीची भाषा-सेटिंग) लोकेलडेफ कमांडनं स्वतः तयार करावं लागतं, आणि टायपिंगला एक्सकेबी या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउटखाली मराठीचा कागप फोनेटिक प्रकार आहे, इन्स्क्रिप्ट येत नसेल तर तो घ्या.

पेनड्राईव्ह लावला आणि थुनार या फाईल मॅनेजरमध्ये दिसलाच नाही, किंवा कचरापेटीच नाही, तर थुनारमध्ये काही बिघाड नाही, जीव्हीएफएस बांधायचं राहिलंय, आणि पेनड्राईव्हसाठी सोबत यूडिस्क्स. ते दोन्ही असूनही माउंट करताना नॉट ऑथोराईज्ड येत असेल तर परत वर सांगितलेल्या लॉगिनसीटीएलकडं जा, सेशन अॅक्टिव्ह आहे का बघा, आणि पासवर्ड विचारणारा पोलकिट एजंट सेशनसोबत सुरू होतोय का तेही बघा.