एचआयव्हीची गोळी घेताना या चुका टाळा, बऱ्याच मी स्वतः करून बसलोय

माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, चालू होऊन बरीच वर्षं झाली. आधी टीएलई होती, म्हणजे एफाविरेन्झवाली जुनी गोळी, ती रात्री घेतली की डोकं गरगरायचं आणि स्वप्नं अशी पडायची की सकाळी कुणाला सांगायची सोय नाही. मग टीएलडी आली, म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवून घ्या, उपाशी घ्या, चालतं. इतकं सोपं असूनही लोक चुकतात आणि मला तर वाटतं विसरून जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा लपवून जास्त होतं.

डबीचंच घ्या. कुणी नाव वाचू नये म्हणून सगळ्या गोळ्या काढून साध्या प्लास्टिकच्या डबीत भरायच्या आणि डबी स्कूटरच्या डिकीत. मी दोन उन्हाळे हेच केलं. नाशिकचा एप्रिल आता पूर्वीसारखा राहिला नाही, पारा चाळिशीला टेकतो, उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत काय भट्टी होत असेल बघा, आणि ही गोळी ३० डिग्रीच्या आत ठेवायची असते. पावसाळ्यात उलटं, त्र्यंबक-इगतपुरीकडे भिंतीसुद्धा घाम गाळतात. मूळ डबीत सिलिकाची पुडी असते ती उगाच नसते, फेकू नका. नाव दिसू नये वाटतंय तर लेबलवर कागद चिकटवा पण डबी तीच ठेवा, आणि कपाटात ठेवा, बाथरूममध्ये किंवा गॅसच्या ओट्यावर नको.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ही कुणाला चूक वाटतच नाही. आपल्याकडे मिसळ खाल्ली की जळजळ, जळजळ झाली की जेलुसिल नाहीतर डायजिन, मेडिकलवाला न विचारता देतो. पण त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते पोटातच डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि औषध रक्तात नीट उतरतच नाही. म्हणजे गोळी घेतली, टिक केली, आणि अंगाला लागलीच नाही! एआरटीची गोळी अँटासिडच्या २ तास आधी घ्या किंवा ६ तास नंतर. मी कितीतरी महिने रात्री जेवल्यावर दोन्ही एकदम घेत होतो. पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी डोल्युटेग्राविरला आडवी येत नाही, पण तीही डॉक्टरला विचारूनच.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही असंच आहे, फक्त त्यांना एक सूट आहे, पोटभर जेवणासोबत घेतल्या तर एआरटीच्या गोळीबरोबर चालतात. उपाशीपोटी एकत्र नाही. त्यामुळे नवरात्राचे उपवास धरणाऱ्या, किंवा चैत्रात पायी वणीच्या गडावर जाणाऱ्या ताईंनी कॅल्शियम वेगळ्या वेळेला घ्यावं, गणित तेच, एआरटीची गोळी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. एआरटीच्या गोळीला उपवास नसतो, ती पाण्याबरोबर रोज जाऊ द्या.

मग डॉक्टर. गल्लीतल्या डॉक्टरला आपण सांगत नाही, मीही सांगत नव्हतो, लाज वाटायची. पण शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. फिट्सची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन असेल तर उलटं, एआरटीच कमी पडते. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, तेव्हा १२ तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी लागते, आणि टीबीचा कोर्स संपला त्याच दिवशी ती बंद करायची नसते, आपल्या गोळ्या जिथून मिळतात त्या एआरटी सेंटरला विचारूनच. पाठ दुखते म्हणून आठवडेच्या आठवडे डायक्लोफेनॅक खाणाऱ्यांनी किडनीचा विचार करावा कारण टेनोफोविरचा ताण तिथेच असतो. मोकळं सांगता येत नसेल तर निदान गोळीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ही गोष्ट कुणी फोडायची नाही, तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

डोस चुकला तर? आठवला की घ्या. रात्री ८ ची गोळी सकाळी ११ ला आठवली, घेऊन टाका आणि रात्रीची नेहमीच्या वेळेला घ्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला आठवली तर पुढचीला ४ तासही राहिले नाहीत, मग ती सोडून द्या. दोन एकदम नका गिळू, भरपाई होत नसते. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घेऊन बघा, डोल्युटेग्राविरने काहींची उडते.

द्राक्षाच्या सीझनला सुरगाणा, पेठकडून दिंडोरी-निफाडला मजूर येतात, तेव्हा गोळ्या हमखास संपतात, गावाला जायला एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून. निघायच्या आधीच सेंटरला सांगा, जास्त दिवसांच्या देतात का विचारा. अडकलातच तर आपलं एआरटीचं पुस्तक घेऊन जवळच्या सेंटरला जा नाहीतर एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, १०९७ ला फोन लावा, तो फुकट आहे. दुसऱ्याच्या डबीतून उसनी घेऊ नका, त्याची गोळी वेगळी असू शकते.

आणि रिपोर्टमध्ये व्हायरस सापडला नाही म्हणून गोळी बंद करणारे महाभाग! तो दिसत नाही कारण गोळी चालू आहे. बंद केली की काही आठवड्यांत परत वर येतो, त्यात हिपॅटायटिस बी सोबत असेल तर लिव्हरही भडकतं कारण याच गोळीने तेही दाबलेलं असतं. काढा पिऊन एचआयव्ही मुळासकट जातो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

अलार्मचं मात्र मी अजून लपवतो. रोज रात्री ८ ला मोबाईलवर "मोटर बंद कर" असं येतं. बायकोला माहितीये, पण भावाला वाटतं हा टाकीची लई काळजी करतो.