नवीन देशात स्टडी अब्रॉडचं काम सुरू करायचंय? मग ही तयारी आधी बघून घ्या

नवीन मार्केटचा, म्हणजे जिथली मुलं आपण एजंट म्हणून परदेशी युनिव्हर्सिटीत पाठवणार त्या नवीन देशाचा, विषय निघाला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे मुलं किती आहेत. अहो मुलं सगळीकडेच आहेत. त्यातल्या किती जणांच्या घरी पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च एकदम दाखवता येईल, किती जणांना व्हिसा मिळतो आणि नाही मिळाला तर नुकसान कोण सोसणार, या तीन गोष्टींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय ऑफिसची जागा बघायला सुद्धा जाऊ नका.

पहिलं काम, आपण मुलं पाठवणार कुठे हे तपासणं. आपण सगळं लक्ष नवीन देशावर देतो आणि धंदा मात्र बुडतो मुलं जातात त्या देशातल्या नियमांमुळे. कॅनडाचंच घ्या ना, जानेवारी 2024 मध्ये स्टडी परमिटच्या (तिथे शिकायच्या परवान्याच्या) संख्येवर मर्यादा आली, त्याच महिन्यापासून राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर झाली आणि नोव्हेंबरमध्ये एसडीएस ही फास्ट प्रोसेसिंगची वाट पण बंद. ऑस्ट्रेलियाने व्हिसा फी जुलै 2024 ला 710 वरून 1,600 ऑस्ट्रेलियन डॉलर केली आणि पुढच्याच जुलैला 2,000. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून साध्या, म्हणजे रिसर्चच्या नसलेल्या, मास्टर्सच्या विद्यार्थ्याला बायको-मुलं सोबत नेता येत नाहीत, म्हणजे ज्या मार्केटमध्ये संसार असलेले विद्यार्थी जास्त तिथला पाया एका नियमात खचला. त्यामुळे मुलं पाठवायला एकाच देशावर सगळा भार टाकून विस्ताराचा प्लॅन करायचा नाही, निदान तीन देश हवेत आणि त्यातला एक कमी खर्चाचा. जर्मनी बघा, सरकारी युनिव्हर्सिटीत फी बहुतेक ठिकाणी नाहीच, पण ब्लॉक्ड अकाउंटला (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं, दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं) वर्षाचे 11,904 युरो लागतात आणि काही देशांच्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) आधी काढावं लागतं. आणि युनिव्हर्सिटी एजंटला कमिशन देते ते फीमधूनच, म्हणून फी नाही तिथे कमिशन पण नाही, तिथे मुलांकडून घेतलेल्या सर्व्हिस चार्जवर काम चालवावं लागेल, ते आधीच ठरवा.

मग त्या नवीन देशाच्या चलनाकडे बघा. हा मुद्दा यादीत कायम शेवटी असतो, का ते देवाला माहीत. नायजेरियात जून 2023 नंतर नायरा घसरला आणि ब्रिटनमधल्या कितीतरी युनिव्हर्सिटींची तिथली मुलं कमी झाली, मुलांची इच्छा तीच, पण घरच्यांच्या पैशात फी बसेना. तिथल्या बँकेतून परदेशात फी पाठवायला किती दिवस लागतात, कुठले फॉर्म लागतात, हे तिथल्याच एखाद्या बँक मॅनेजरला समोर बसून विचारा, वेबसाइटवर वाचलेलं आणि काउंटरवर घडणारं यात खूप फरक असतो.

शिक्षणाचा मेळ पण बसवून घ्या. तिथली शाळा बारा वर्षांची नसेल तर बऱ्याच ठिकाणी डिग्रीआधी फाउंडेशन कोर्स, म्हणजे तयारीचा कोर्स, करावा लागतो, म्हणजे पालकांचा एका वर्षाचा खर्च वाढला. तीन वर्षांची डिग्री असेल तर अमेरिकेतल्या काही युनिव्हर्सिटी मास्टर्सला घेत नाहीत. पार्टनर युनिव्हर्सिटीकडून हे ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या हो ला काही अर्थ नाही. आणि करार वाचताना त्यात नवीन देशाचं नाव आहे का बघा, बऱ्याच करारांत कुठल्या देशातून मुलं पाठवायची ते ठरलेलं असतं आणि ते नाव नसेल तर कमिशनच्या वेळी वाद होतो.

कॅलेंडर उलटं मांडा. सप्टेंबर इंटेक, म्हणजे सप्टेंबरला सुरू होणारी बॅच, धरली तर ब्रिटनच्या व्हिसाला पैसे खात्यात सलग 28 दिवस असावे लागतात, त्याआधी डिपॉझिट (फीचा आगाऊ भाग), त्याआधी ऑफर (युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं पत्र), त्याआधी इंग्लिशची परीक्षा, असं मागे मागे जात राहिलं की मुलाशी पहिलं बोलणं आदल्या वर्षीच व्हायला हवं होतं हे लक्षात येतं. तिथल्या बोर्डाचे निकाल कधी लागतात ती तारीख यातच टाका, नाहीतर सगळं रेडी आणि मार्कशीट नाही.

पैशाचं गणित पण याच कॅलेंडरवर बसतं. कमिशन साधारणपणे मूल प्रत्यक्ष वर्गात बसल्यावर, फी जमा झाल्यावर मिळतं, त्यात युनिव्हर्सिटीची बिलिंगची सायकल वेगळी. पहिल्या चौकशीपासून बँकेत पैसा यायला वर्ष सहज उलटतं. तेवढे महिने भाडं, पगार, फेअरचे स्टॉल कशातून भागवायचे हे लिहिलेलं नसेल तर तो प्लॅन नाहीच, नुसती हौस आहे.

सब-एजंट, म्हणजे आपल्या नावाखाली मुलं आणून देणारे छोटे एजंट, घ्यायचे का? सुरुवातीला मोह होतो कारण लीड (चौकशी करणारी मुलं) पटापट येतात. पण खोटं बँक स्टेटमेंट सब-एजंटने लावलं तरी व्हिसा ऑफिसर नाव आपलं बघतो आणि युनिव्हर्सिटी पण जाब आपल्यालाच विचारते. घ्यायचेच असतील तर मोजकेच घ्या, प्रत्येक फाइल स्वतः तपासा आणि त्याने मुलांकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत हे करारात टाका.

आता रिफंड. पालक ऑफिसमध्ये येतात, ब्रोशर उलटं ठेवतात आणि विचारतात, व्हिसा नाही झाला तर आमचे पैसे? काउन्सेलर म्हणतो बघू, युनिव्हर्सिटीची पॉलिसी असते. झालं, तिथेच विश्वास गेला. किती कापून किती मिळणार, किती दिवसात, व्हिसा फी परत येत नाही, हे सगळं त्यांच्या भाषेत एका पानावर छापून टेबलवर ठेवा, आणि मूल स्वतःच जायचं रद्द करतं तेव्हाचा नियम वेगळा असतो तोही त्याच पानावर.

माणसं तिथलीच घ्या. बाहेरून पाठवलेला मॅनेजर पहिले काही महिने नुसता ओळखी करत बसतो. पासपोर्टचे फोटो काउन्सेलरच्या खासगी व्हॉट्सॲपवर येत राहिले तर तो नोकरी सोडताना सगळी माहिती त्याच्यासोबत जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून कंपनीचा नंबर आणि कंपनीचीच सिस्टीम, शिवाय तिथला डेटाचा कायदा वकिलाकडून समजून घ्या. लायसन्स, टॅक्स रजिस्ट्रेशन हेही त्याच वकिलाला विचारून टाका.

आणि एक्सेल शीटमध्ये चौकशी किती आल्या हा कॉलम शेवटी न्या. पुढे ठेवा डिपॉझिट भरलेले, व्हिसा मिळालेले, वर्गात बसलेले. पहिल्या इंटेकला व्हिसा रिजेक्ट झालेल्या प्रत्येक फाइलचं कारण शेजारी लिहा, आणि दुसऱ्या शहरात ऑफिस उघडायचं की नाही ते तो कॉलम वाचून ठरवा.