सलाईनची सुईसुद्धा रॅटला घाबरवते

रॅटवर औषध तपासायच्या पहिल्या प्रकल्पात सगळं लक्ष औषधाच्या डोसवर असतं. पण पिंजऱ्यातून उचलणं, उताणं धरणं आणि पोटात टोचणं हाही रॅटसाठी एक डोसच आहे. नुसतं सलाईन टोचलं तरी रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, काही मिनिटांत चढतं, साधारण 15 ते 30 मिनिटांत कळस गाठतं आणि उतरायला तासभर तरी घेतं. इंजेक्शननंतर 30 मिनिटांनी प्लस मेझ (दोन उघड्या आणि दोन बंद भुजांच्या, अधिकच्या चिन्हासारख्या उंच मार्गावरची चिंतेची चाचणी) घ्यायची नेहमीची पद्धत नेमकी याच काळात येते.

मेझवर असा घाबरलेला रॅट उघड्या भुजेच्या तोंडाशी येतो, मागचे पाय आतच ठेवून अंग ताणतो, हुंगतो आणि माघारी वळतो. सलाईन गटातले, म्हणजे तुलनेसाठी औषधाऐवजी नुसतं सलाईन टोचलेले, सगळेच असे वागले, तर उघड्या भुजांमधला वेळ शून्याजवळ जातो. मग चिंता वाढवणाऱ्या औषधाचा परिणाम दिसायला जागाच उरत नाही. म्हणून सलाईन गटाच्या जोडीला इंजेक्शन न दिलेला गट हवाच. प्राणी नीतिमत्ता समितीच्या अर्जातच तो कारणासह मांडा, कारण तिथे प्रत्येक प्राण्याचा हिशेब द्यावा लागतो.

सर्वांत जास्त फरक पडतो तो हाताळणीने, म्हणजे रॅटला आधीपासून हाताची सवय लावण्याने, आणि घाईत तीच आधी कापली जाते. किमान 5 ते 7 दिवस, रोज ठरावीक वेळी, 2-3 मिनिटं. तेही पुढे जो टोचणार आहे त्यानेच. शेपटीला धरून उचलू नका, छातीखाली हात घाला. शेवटचे दोन दिवस इंजेक्शनचीच पकड धरून बिनसुईची सिरिंज पोटाला टेकवा.

टोचताना 25 गेजची सुई, प्रत्येक रॅटला नवी. डोकं किंचित खाली, जागा पोटाच्या खालच्या भागात रॅटच्या उजवीकडे. डावीकडे सहसा सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, असतं. दट्ट्या जरा मागे ओढा. रक्त किंवा हिरवट-पिवळा द्रव आला तर ते द्रावण टाकून द्या. फ्रिजमधलं गार द्रावण तसंच देऊ नका. औषध विरघळवायला डीएमएसओ किंवा ट्वीन वापरलं असेल तर कंट्रोललाही, म्हणजे औषध न दिलेल्या तुलनेच्या गटालाही, तेच, तेवढंच द्या. नुसतं सलाईन चालणार नाही.

एका पिंजऱ्यातले रॅट एकामागून एक काढताना शेवटच्याने आधीच्यांच्या भीतीचा वास घेतलेला असतो, 22 किलोहर्ट्झच्या आसपासच्या त्यांच्या हाकाही ऐकलेल्या असतात. आपल्या कानांना त्या ऐकू येत नाहीत. इंजेक्शन दुसऱ्या खोलीत द्या आणि कोणाला कितव्या क्रमाने काढलं ते वहीत लिहा.