डायव्हिंगमध्ये दिसलेलं कासव कोणतं? रंग सोडा, खवले मोजा

मुंबईचं पाणी गढूळ, त्यामुळे इथले डायव्हर मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा लक्षद्वीप गाठतात. परतल्यावर फोटो बघून कासवाची जात ठरते ती बहुतेकदा रंगावरून, आणि तिथेच फसगत होते. पाच-सहा मीटर खाली लाल छटा बऱ्याच अंशी नाहीशी होते, कवचावर शेवाळ असतं, शिवाय मास्कमधून सगळंच साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं.

भरवशाचे ते खवले. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या खवल्यांची एकेक रांग असते, ती मोजा. काठावरचे लहान खवले धरू नका. एका बाजूला ४ असतील तर ग्रीन किंवा हॉक्सबिल जातीचं कासव. ५ असतील तर बहुधा लॉगरहेड. ६ किंवा जास्त म्हणजे ऑलिव्ह रिडले. रिडलेमध्ये डावीकडे ६ आणि उजवीकडे ७ असंही चालतं, म्हणून दोन्ही बाजू मोजा. क्वचित त्यालाही ५ च असतात. अशा वेळी कवच जवळजवळ गोल असेल तर रिडले, लांबट कवच आणि भलं मोठं डोकं असेल तर लॉगरहेड. पाठीवर खवलेच नाहीत, नुसत्या उभ्या कडा आहेत, तर लेदरबॅक.

खरा घोळ ग्रीन आणि हॉक्सबिलमध्ये होतो, त्यातही पिल्लं मोठी होत असताना. कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले ही हॉक्सबिलची खूण सगळे सांगतात, पण वय वाढलं की ते सपाट होत जातात. म्हणून चेहरा बघा. नाकपुड्या आणि डोळे यांच्या मधल्या जागेत खवल्यांची एकच लांबट जोडी असेल तर ग्रीन; दोन जोड्या असतील तर हॉक्सबिल. ग्रीनचं तोंड बोथट, हॉक्सबिलची चोच अरुंद, पुढे निघालेली.

त्यामुळे दोन फोटो हवेतच: पूर्ण पाठ आणि डोकं. गोप्रो कॅमेऱ्याच्या वाइड लेन्सने अगदी जवळून घेतलेल्या फोटोत डोकं फुगतं आणि रिडलेचा लॉगरहेड होतो. तीनेक मीटर अंतर ठेवा, बाजूने जा. त्याच्या डोक्यावर तरंगू नका, श्वासासाठी वर येण्याची वाट अडते.

जुहू-वर्सोव्याला पावसाळ्यात जखमी कासव वाहून आलं, तर हीच मोजणी करा, पण त्याला परत पाण्यात ढकलू नका. थकलेलं कासव बुडतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या उघड्या राहू द्या आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.