भात निघालं, जनावरं सुटली: मसुरीला कुंपण घालायच्या आधी एवढं बघा

भाताच्या मळण्या आटपल्या की शिवारात जनावरं मोकळी सोडायची आपल्या बेळगावकडं जुनी रीत, खानापूर घ्या नाहीतर यळ्ळूर, पण आता त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरलेला असतोय आणि म्हशी शिरल्या की बांधावर भांडण ठरलेलं. वर जनावरवालाच विचारतोय, कुंपण का घातलं नाहीस म्हणून! तर कुंपण घालायलाच पाहिजे अशी सक्ती शेतकऱ्यावर नाही, जनावर आवरायची जबाबदारी ज्याचं जनावर त्याची.

पिकात जनावर सापडलं तर धरून 24 तासांच्या आत कोंडवाड्यात घाला, कर्नाटकात त्याला 1966 चा कायदा आहे. दंड आणि वैरणीचा खर्च भरल्याशिवाय मालकाला ते सोडवता येत नाही. तुमच्या पंचायतीचा कोंडवाडा चालू आहे का, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) आत्ताच विचारून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. स्वतःच्या गोठ्यात मात्र बांधून ठेवू नका, उलट तुमच्यावरच तक्रार व्हायची. आधी मोबाईलवर फोटो काढा, शेजारचे दोघं बोलवून दाखवा, नुकसानभरपाई वेगळी मागता येते तेव्हा हेच कामाला येतंय. आणि रागात कुऱ्हाड फेकायची नाही हां, जनावर मेलं किंवा लंगडं झालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तरीपण कुंपण घालायचंच असेल तर आधी नाडकचेरीत (होबळीचं महसूल कार्यालय) हद्दबस्तचा, म्हणजे हद्द मोजून घ्यायचा अर्ज द्या, सर्व्हेवाला दगड दाखवूदे, मगच खांब पुरा. नकाशावरची गाडीवाट अडवू नका, तहसीलदारांकडं अर्ज गेला की काटेरी तार तुम्हालाच उपटावी लागणार.

करंटचं काय सांगू, दरवर्षी कुठंतरी ऐकायला येतंयच. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनवर आकडा टाकून तारेत थेट वीज सोडणं हा गुन्हा, वीजचोरी झालीच, वर माणूस गेला तर मनुष्यवधाची केस. सोलर झटका मशीन वेगळं, ते बॅटरीवर चालतंय आणि थांबून थांबून क्षणभराचाच झटका देतंय, जनावर मागं सरतंय, मरत नाही. पण मशीन आयएसआय मार्काचंच घ्या आणि पाटी कन्नड, मराठी दोन्हीत लावा, ऊसतोडीला येणारे लोक दोन्हीकडचे असतात.

धनगरांच्या मेंढरांशी मात्र कायद्याची भाषा नको. कुठल्या रानात मेंढरं बसवायची आणि कुठल्यात पेरलंय, हे कळप शिवारात यायच्या आधीच बोलून घ्या, खतपण मिळतंय.