जनावरांच्या साथींचा माग काढायला शिकायचंय? एमव्हीएससी आणि शिष्यवृत्तीची वाट

बीव्हीएससीची, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली की परभणी-उदगीरच्या होस्टेलवर चर्चा एकच, सर्जरी घ्यायची की गायनॅक? एमव्हीएससी या पदव्युत्तर पदवीसाठी साथरोगशास्त्राचं, म्हणजे साथ कुठून येते, कशी पसरते याच्या अभ्यासाचं, नाव क्वचित कुणी काढतं. आणि साथी तर आपल्याच दारात येतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे. दोन्ही वेळी नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला.

या वाटेला जायचं असेल तर कॉलेज नंतर शोधा, आधी प्रश्न शोधा. इंटर्नशिपमध्येच एक वही करा. गाव, तारीख, जनावराचं वय, लसीकरण, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर. सगळ्यात महत्त्वाचं, आजारी किती आणि एकूण किती. ‘बारा गाई आजारी’ एवढं लिहून भागत नाही; त्या चाळिसांतल्या की चारशेंतल्या, हे नसेल तर बाराला काही अर्थ नाही. ही सवय एकदा लागली की प्रश्न आपोआप सुचतात. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकलेला बैल पुढे कोणत्या तालुक्यात जातो? २०२२ च्या लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीत जनावरांचे बाजार बंद ठेवले, त्याने साथ किती थांबली? ब्रुसेलोसिसची (गाईम्हशींचा गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग) लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, मग कोणत्या वाड्या-तांड्यांवर ते वय हुकतं? यातला एकेक प्रश्न प्रबंधाला पुरेल.

मग प्रवेश. राज्यात हा विषय बहुधा ‘पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य’ या विभागात शिकवतात. परभणी आणि उदगीर, दोन्ही महाविद्यालयं नागपूरच्या माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बरेलीजवळ इज्जतनगरला आयव्हीआरआय या राष्ट्रीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत साथरोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. (ही संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) बंगळुरूची ‘निवेदी’ ही राष्ट्रीय संशोधन संस्था जनावरांच्या रोगांचा जिल्हावार आगाऊ अंदाज काढते, प्रबंधाचं काम तिथल्या शास्त्रज्ञांसोबत करता येईल का, हे मार्गदर्शकाला पहिल्याच सत्रात विचारा.

पैशांचं गणित प्रवेशाशी जोडलेलं आहे. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी, म्हणजे पदव्युत्तर, प्रवेश परीक्षेत गुणवत्ता यादीत वर आलात तर पीजी शिष्यवृत्ती मिळते, दरमहा १२,६४० रुपये. ती हुकली तरी नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिपचे दरमहा ५,००० आहेत. पण ते स्वतःच्या राज्याबाहेर शिकणाऱ्यालाच. म्हणजे घराजवळ राहायच्या हट्टाची किंमत दोन वर्षांत लाखाच्या वर जाते. माझं मत विचाराल तर एकदा बाहेर पडा, प्रश्न मराठवाड्याचाच घ्या. राज्यातच राहणार असाल तर महाडीबीटीवरचे अर्ज चुकवू नका. पुढे पीएच.डी. करायची असेल तेव्हा सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी आपली कोणती ते पाहा.

कागदपत्रांत मुलं अडकतात. नॉन-क्रिमिलेअर बहुतेकदा ३१ मार्चला संपतं आणि जूनमध्ये तहसीलला रांग लागते. फेब्रुवारीतच तपासा. जात पडताळणी राहिली असेल तर ती आजच करायला घ्या.

परदेशाची वाट वेगळी आहे. लंडनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन मिळून पशुवैद्यकीय साथरोगशास्त्राची एक वर्षाची एमएससी चालवतात. तिच्यासाठी ब्रिटनच्या कॉमनवेल्थ किंवा चिव्हनिंग शिष्यवृत्त्या बघा. चिव्हनिंगला आधी सुमारे दोन वर्षांचा, २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि केवळ पशुवैद्यकाची संस्था एकूण क्रमवारीत असेलच असं नाही, म्हणून अर्जाआधी ती यादी बघून घ्या.

संगणकाची धास्ती घेऊ नका. आकडेमोडीचं ‘आर’ आणि नकाशे काढायचं ‘क्यूजीआयएस’, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. वहीतल्या पन्नास नोंदी त्यात भरा, तालुक्याचा नकाशा काढा आणि तो नकाशा जोडून मार्गदर्शकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहा. नुसता बायोडाटा तर सगळेच पाठवतात.