उपवासाचा पेशंट आणि सकाळची गोळी: या चुका टाळा

आषाढी एकादशीची सकाळ. चार्टप्रमाणे ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी दिली, आणि अकराच्या सुमारास साखर घसरून आजींना दरदरून घाम फुटला. औषध बरोबर, डोस बरोबर, वेळही बरोबर. पोट मात्र रिकामं. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाचीच दुसरी गोळी, पण नुसत्या तिने साखर सहसा एवढी घसरत नाही. म्हणून 'शुगरची गोळी' म्हणून सगळ्या एका मापाने मोजू नका.

"खाल्लंत का?" एवढंच विचारलं तर आजी "हो हो" म्हणून मोकळ्या होतात. "आज उपवास आहे का? त्यात काय चालतं?" असं विचारा. एकीचा उपवास निर्जळी असतो, दुसरी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेते. पहिलीची साखर उतरते, दुसरीची चढते.

दुसरी चूक जास्त घातक: गोळी मनानेच टाळायची आणि कुठे लिहायचंच नाही. आधी साखर तपासा, डॉक्टरांना फोन करा, मग गोळी का रोखली, कोणाला कळवलं, किती वाजता, हे चार्टवर लिहा.

साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. "उपास मोडेल" म्हणाल्या तर वाद घालू नका. साखरपाणी बहुतेकींना उपवासाला चालतं, तेच सांगा. रोजा असेल तर आजाऱ्याला त्यातून सूट आहे, याची घरच्यांकरवी आठवण करून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. एटेनोलॉल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर साखर उतरल्याची खूण म्हणून धडधडीची वाट पाहू नका, ती दबलेली असते.

चौविहार पाळणारे जैन पेशंट सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. नऊची गोळी मग उशीखाली सापडते. वेळ अलीकडे घेता येईल का, हे भरतीच्या दिवशीच विचारून ठेवा. कॅप्सूलचं कवच बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचं असतं. पेशंट नको म्हणाला तर फार्मासिस्टकडे पर्याय मागा. कॅप्सूल उघडून आतले दाणे कुटून देणं मात्र नको. ओमेप्राझोल या आम्लपित्तावरच्या औषधाचे दाणे कुटले की जठरातल्या आम्लात औषधच वाया जातं.